‘कमी पडते ती फक्त मेहनत’ हे भरतीच्या पोरांना सांगावे का?

मास्तर, साकोली : पोलीस भरतीच्या निकालानंतर काल येथे एकाने लिहिले की, जो नापास झाला त्याची मेहनतच कमी पडली, बाकी सगळ्या सबबी. वाचून गप्प बसवले नाही. पुरुषांसाठी उंचीची सर्वसाधारण अट १६५ सेंटिमीटर आहे. वाढ थांबलेल्या मुलाने पहाटे उठून कितीही रस्ता तुडवला तरी कमी पडणारे दोन सेंटिमीटर तो आणणार कुठून? माझ्या एका माजी विद्यार्थ्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. अतिश्रमाने आणि अंगातले पाणी कमी झाल्याने त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. ‘नाटके बंद कर’ म्हणून त्याला आणखी फेऱ्या मारायला लावल्या गेल्या आणि ती रात्र त्याने सलाइनवर काढली. पूर्व विदर्भात ज्या आजाराचे नाव गावोगाव माहीत आहे, तिथे ही स्थिती!

भरतीवाला, दारव्हा : ते वाक्य माझे आहे, सर, आणि मी ते मागे घेणार नाही. आजाराचे उदाहरण देऊन तुम्ही धडधाकट पोरांना पळवाट दाखवत आहात. पहिल्या भरतीत १६०० मीटरला मी सर्वांच्या मागे होतो. तेव्हा बापाने ‘हे तुझे काम नव्हे’ म्हटले असते, तर आमचे वावर आजही सावकाराकडेच असते. आपली मर्यादा कुठे आहे, हे धावल्याशिवाय कळणार कसे?

कास्तकार, वणी : सावकाराचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण आम्हा कापूसवाल्यांनाही हेच ऐकवले जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा डवरणी, निंदण, फवारणी यांतले मी काहीही चुकवले नव्हते. बाहेरून हिरवेगार दिसणारे बोंड फोडले की आत अळी आणि पोखरलेली सरकी. अळीला मारण्यासाठीच बनवलेल्या बीटी वाणालाही ती दाद देईनाशी झाली होती. त्यात माझा आळस कुठे होता?

भरतीवाला, दारव्हा : भाऊ, विषय भरतीचा आहे. प्रत्येक गोष्टीत कापूस कशाला?

कास्तकार, वणी : कारण दोष देण्याची रीत एकच आहे. धुऱ्यापलीकडच्याच्या विहिरीला पाणी लागले, माझी कोरडी गेली. तो प्रगतिशील शेतकरी ठरला आणि मी कामचुकार. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि तीस वर्षे उलटल्यावरही कालव्यांची कामे चालूच होती. ज्याच्या वावरात पाणी पोहोचले नाही, त्याला मेहनतीचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आशाताई, कुरखेडा : दोघांनीही आवाज जरा खाली आणावा. मी सिकलसेलचे रुग्ण रोज पाहते. आजार मान्य करणे म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचे औषध चालू असेल तर एकही गोळी न चुकवणे, उन्हात पाण्याची बाटली सोबत ठेवणे, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठणे, यालाही जिद्द लागते. आणि आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून सिकलसेलचा दोष अंगात बाळगत असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ती कोणाच्या मेहनतीने बदलत नाही. म्हणून तर आम्ही लग्नाआधी तपासणी करा म्हणून दारोदार फिरतो.

भरतीवाला, दारव्हा : सिकलसेलपुरते ताईंचे मान्य. बोंडअळीचेही सोडून देतो. परंतु धडधाकट पोराने दोन महिन्यांत मैदान सोडले, तर त्याला मी आळशीच म्हणणार.

मास्तर, साकोली : जरूर म्हणा, पण आधी त्याची उंची मोजा आणि त्याला सिकलसेलच्या सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीसाठी आरोग्य केंद्रात पाठवा. हे पहिल्याच आठवड्यात करा. बापाने बैलजोडी विकून अकादमीची फी भरल्यानंतर नव्हे.