लहान कॉलेजगावी राहायला जावं का? तुमचे अनुभव सांगा

नवऱ्याला दापोलीत सहायक प्राध्यापकाची नोकरी मिळाली आहे. जूनच्या मध्यात रुजू व्हायचंय. आम्ही ठाण्यात राहतो. मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते, मुलगी सहावीत जाईल, सासूबाईंना बीपी आणि गुडघ्यांचं दुखणं आहे.

मार्चमध्ये चार दिवस जाऊन आलो. पहाटेचा गारवा, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव, ठाण्याच्या निम्म्याहून कमी भाड्यात अंगण असलेलं घर. मुलगी म्हणाली, इथेच राहू. परतताना खेड स्टेशनवर गाडीची वाट बघत मी वहीत दोन रकाने आखले. 'जावं'खाली नऊ गोष्टी झाल्या, 'जाऊ नये'खाली चार. पण त्या चारही माझ्याच होत्या: माझी नोकरी, डोंबिवलीत एकटी राहणारी माझी आई, माझ्या मैत्रिणी, आणि चौथी, 'मी दिवसभर काय करणार?' नवऱ्याला वही दाखवली. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

तुमच्यापैकी कोणी अशा गावात राहायला गेलं असेल, देशात किंवा परदेशात, तर रोजचं सांगा. दवाखाना, शाळा, शेजार, सुट्टीतलं गाव. ज्यांच्या नोकरीसाठी घर हललं त्यांच्यापेक्षा त्यांच्यामागून जे गेले त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

दापोली, २००९ पासून

ताई, तुम्ही मार्चमध्ये आलात. एकदा जुलैत येऊन राहा. इथे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पहिल्या वर्षी गौरीसाठी शालू काढला तर घडीच्या रेषेवर पांढरी बुरशी. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. शालूचं निमित्त होतं. तोवर दोन महिने घरात एकटी होते, नवरा सकाळी कृषी विद्यापीठात गेला की पावसाच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही.

मग जे झालं ते ठरवून झालं नाही. शेजारच्या घरात बीएस्सी अ‍ॅग्रीची मुलं कॉट बेसिसवर राहायची, बीड, नांदेड, नगरकडची. रोजच्या भाताने कंटाळलेली. एकाने कुंपणावरून विचारलं, "काकू, ज्वारीची भाकरी मिळेल का कुठे?" मी मूळची बार्शीची. त्या रात्री सहा भाकऱ्या केल्या. पुढच्या महिन्यात नऊ डबे झाले, आज बत्तीस आहेत आणि हाताखाली दोन बायका. पण एप्रिल-मे आणि दिवाळीत डबे बंद, म्हणजे मिळकत वर्षातून आठ-नऊ महिन्यांचीच. हे धरून चाला.

शेजाराचं म्हणाल तर असा शेजार पुण्यात मिळाला नव्हता. आमच्या ओळीत एक निवृत्त फळशास्त्रज्ञ राहायचे. हापूसमध्ये साका (आतला गर बिघडणं) का होतो आणि रत्नात का होत नाही, हे त्यांनी मला अंगणात आंबा कापून दाखवलं. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, विद्यापीठानेच १९८१ मध्ये काढलेली जात. माझ्या दारातलं कलम त्यांनी निवडून दिलेलं आहे.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. आमचे पत्रे समोरच्या नारळावर जाऊन अडकले. आमच्या गल्लीत वीज यायला अठरा दिवस लागले, फोन त्याच्याही आधी गेले होते. ओळीत एकाच घरी जनरेटर होता. रोज संध्याकाळी तासभर सगळ्यांचे फोन तिथे एका परातीत ठेवलेले असत. तो महिना झाल्यावर मला कोणी 'बाहेरची' म्हटलं नाही.

सासूबाईंसाठी: रोजचं बीपी-शुगर इथे नीट बघितलं जातं, उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठं काही झालं तर चिपळूणजवळचं डेरवणचं रुग्णालय नाहीतर थेट मुंबई. माझ्या सासऱ्यांना रात्री दीडला छातीत दुखायला लागलं. डेरवणला पोचेपर्यंत दोन तास गेले. ते वाचले, पण ते दोन तास मी विसरणार नाही. घर घ्याल तेव्हा रात्री निघणारा गाडीवाला कोण, हे पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा.

सेवाग्राम, ४ वर्षं

बायको डॉक्टर. तिला सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली, मी पुण्यातली नोकरी घरून करायचं ठरवून मागोमाग गेलो. म्हणजे तुमच्या वहीतला तो चौथा मुद्दा माझा.

१९६९ मध्ये सुरू झालेली ही संस्था इतर वैद्यकीय महाविद्यालयांसारखी नाही. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले पंधरा दिवस आश्रमात जातात, खादी घालावी लागते, प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. बायकोला हे सगळं मनापासून पटलेलं होतं. मला सकाळी नऊ ते सहा लॅपटॉपसमोर बसून ते पटायला वेळ लागला. मे महिन्यात पारा ४५च्या वर, कूलरमध्ये दिवसातून तीनदा पाणी. वर्धा आठ किलोमीटर, नागपूर पाऊणशे.

मला सगळ्यात जड गेलं ते माणसांचं. रेसिडेंट डॉक्टर तीन वर्षांसाठी येतात. ओळख होते, जेवणं होतात, मुलाच्या वाढदिवसाला येतात, आणि मग एका जूनमध्ये टेम्पोत सामान भरून जातात. दुसरी तुकडी गेली तेव्हा मी नव्या लोकांशी ओळख करून घेणंच सोडून दिलं होतं. ती माझी चूक होती आणि तिने दोन वर्षं खाल्ली.

मग संध्याकाळी आश्रमातल्या प्रार्थनेला जायला लागलो. मी धार्मिक नाही. पण उघड्यावर, जमिनीवर, झाडाखाली बसायचं, आणि शेजारी रोज तीच गावातली म्हातारी माणसं. ती कुठे जाणार नव्हती. त्यांच्यामुळे मी टिकलो.

एम्स, आयोवा, ७ वर्षं

नवरा पीएचडीला होता, मी एफ-२ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, कुठलीच नाही. मी मुंबईत सहा वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करून गेले होते.

गाव सुंदर आहे. वस्ती पासष्ट हजारांच्या आसपास, त्यात जवळजवळ निम्मे आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी. सायराइडची बस दारात येते, मुलाला एकट्याला पार्कात सोडता येतं, लायब्ररीत मागाल ते पुस्तक आणून देतात. आपण मराठी मुलं ज्या कार्व्हरांची गोष्ट वाचत मोठी होतो ते १८९१ मध्ये याच विद्यापीठात शिकायला आले, इथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. कार्व्हर हॉलसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला होता. तिथून घरी आले आणि दिवसाचे उरलेले सात तास समोर होते.

एक वस्तू सांगते. गावात बरेचसे भाडेकरार ३१ जुलैला संपतात आणि नवे १ ऑगस्टला सुरू होतात. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सोफे, गाद्या, टेबलं. आपली मुलं जाताना भांडी पुढच्यांना देऊन जातात. मला एक हॉकिन्सचा कुकर मिळाला. घासताना पालथा घातला तर बुडाशी नावं कोरलेली, एकाखाली एक, पाच आडनावं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी, पण खिळ्याने. चार मराठी, एक तेलुगू. त्या सगळ्यांनी याच उणे वीस अंशात डाळ शिजवली असणार. का कोण जाणे, त्या दिवसापासून मला कमी एकटं वाटलं. जाताना मी सहावं नाव घातलं.

पण कुकरने करिअर भरून निघत नाही. सात वर्षांचा खड्डा बायोडेटामध्ये अजून दिसतो. ताई, तुमची नोकरी तीन दिवस तरी घरून करता येईल का हे आधी लेखी घ्या. बाकीचं सगळं जमवता येतं.

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव, २ वर्षं

आम्ही परत आलो. संस्थेने नवऱ्याला घेताना सांगितलं होतं, "मॅडमनाही घेऊ." मी नेट झालेली आहे. घेतलं ते तासिका तत्त्वावर, मानधन सहा-सहा महिने थकायचं. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. मुलाची शाळा मात्र तिथली चांगली होती. मैदान होतं, आणि मास्तरांना प्रत्येक मुलाचं घर माहीत होतं.

लोणेरे, जन्मापासून

गावचा माणूस म्हणून लिहितो. १९८९ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ आलं तेव्हा मी शाळेत होतो. आधी इथे भातशेती आणि मुंबईची वाट. नंतर आम्ही घरावर मजला चढवला, पाच खोल्या काढल्या. आमच्यासारख्यांची मुलं त्या भाड्यावर शिकली.

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं गावाला भाड्याशीच मतलब. २०२०च्या मार्चमध्ये पोरं आठ दिवसांसाठी म्हणून घरी गेली ती दीड वर्ष आली नाहीत. खोल्यांत त्यांच्या गाद्या, पुस्तकं, एकाची गिटार. कोकणातली ओल तुम्हाला माहीत आहे. माझी आई दर पंधरा दिवसांनी सगळ्या गाद्या गच्चीवर उन्हात टाकायची, पावसाळ्यात उघडीप बघून. पुस्तकांत कडुनिंबाचा पाला घातला. पोरं सामान न्यायला आली तेव्हा एकाने तिच्या पाया पडून विचारलं, भाडं किती द्यायचं. तिने घेतलं नाही.

तुम्ही गावाशी बोलायला लागा. प्राध्यापक मंडळी बरेचदा आपापसातच राहतात, आणि मग म्हणतात गावात कोणी नाही.

गटिंगेन, जर्मनी, ५ वर्षं

थोडक्यात. पीएचडी झालेल्याने सजवलेल्या गाडीतून चौकात येऊन कारंज्यावरच्या गेन्झलीझल या हंस राखणाऱ्या मुलीच्या पुतळ्याला फुलं द्यायची आणि तिचं चुंबन घ्यायचं, ही इथली रीत. माझ्या वेळी आई पुण्याहून फोनवर बघत होती. सायकलवर सगळं गाव होतं. पण संशोधकाचे करार मुदतीचे: पीएचडीआधी जास्तीत जास्त सहा वर्षं आणि नंतर सहा, असा कायदाच आहे. घर लावायचं, पडदे शिवायचे की नाही, हे कराराची तारीख बघून ठरायचं. दापोलीची नोकरी कायमची असेल तर तुमच्याकडे आमच्याहून मोठी गोष्ट आहे.

राहुरी विद्यापीठाच्या वसाहतीत वाढलेली

मुलीच्या बाजूने लिहिते. सायकल, चिंचा, बाबांच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, संध्याकाळी कुणाच्याही घरी जेवण. असं बालपण मला माझ्या मुलाला देता आलेलं नाही. पण अकरावीला पुण्याला होस्टेलवर गेले आणि पुन्हा कायमची घरी आलेच नाही. आईने मला फक्त सोळा वर्षं पाहिलं, असं ती म्हणते. सहावीतली मुलगी म्हणजे तुमच्या हातात पाच वर्षं आहेत.

मूळ लेखिका

सगळं वाचलं, काही दोनदा. कुकरचं नवऱ्याला वाचून दाखवलं.

काल ऑफिसमध्ये बोलले. महिन्यातून पाच दिवस ठाण्यात येणार असेन तर बाकी काम तिकडून चालेल म्हणाले. लेखी मागितलंय, सोमवारी देतील. ते पाच दिवस आईकडे डोंबिवलीत राहीन, म्हणजे एक मुद्दा थोडा सुटला. सासूबाईंशी आत्तापर्यंत कोणी नीट बोललंच नव्हतं हे वाचताना लक्षात आलं. त्यांनी एवढंच विचारलं, घराला पायऱ्या किती?

तीन आहेत. घरमालकांना कठडा लावून द्यायला सांगितलं आहे. नवरा जूनमध्ये एकटा जाईल, मी जुलैत पंधरा दिवसांसाठी. जरीचं काही नेणार नाही. दापोलीच्या काकू, तुमची गल्ली कुठली ते कळवाल का?