क्रॅपी (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा) पकडायला आमिष म्हणून मिनो, म्हणजे छोटा जिवंत मासा, गळाला पाठीतून लावायचा की ओठातून?

पाठीतून टोचला की मिनो लगेच मरतो असं काही जण म्हणतात, पण तो मरतो मणक्याला गळ लागला तर. पाठीवरच्या पराच्या खाली, मणक्याच्या वरून नुसत्या मांसातून गळ आरपार घाला, बराच वेळ वळवळत राहतो. बॉबरखाली (पाण्यावर तरंगणारा फ्लोट) एका जागी सोडायचा असेल तर हेच बेस्ट. बोट चालू असेल किंवा कास्ट करून (लांब फेकून) ओढत आणायचा असेल तर मात्र ओठातून, खालून वर, म्हणजे तो सरळ पोहत येतो. पाठीतून लावलेला आडवा ओढला जातो आणि गरगर फिरतो.

गळ बारीक तारेचा घ्या, ४ किंवा ६ नंबरचा, अ‍ॅबरडीन नावाच्या प्रकारचा. जाड गळाने मिनो फाटतो, शिवाय बारीक तार बुडातल्या फांदीत अडकली तरी ओढल्यावर वाकून सुटते. क्रॅपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी, तिला उगाच पेपरमाउथ म्हणत नाहीत, त्यामुळे हिसका मारू नका, नुसता रॉड उचला.

आणि हो, क्रॅपी वर बघून खाते, आमिष तिच्या जरा वरच ठेवा. उरलेले मिनो तळ्यात ओतू नका प्लीज, अमेरिकेतल्या बऱ्याच स्टेट्समध्ये ते बेकायदा आहे.