मंडईजवळची बर्गरची गाडी: पार्सलचा पाव ओला का होतो?

प्रश्न: पुण्यात महात्मा फुले मंडईजवळ मी बर्गरची गाडी लावते. बटाटे, काकडी, टोमॅटो सगळं सकाळी मंडईतूनच घेते. पण पार्सल घरी पोचेपर्यंत खालच्या पावाचा लगदा होतो. काय करू?

उत्तर: ताई, टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून चाळणीत निथळू द्या. पाव आतल्या बाजूने लोण्यावर खरपूस भाजा, ओल लवकर शिरत नाही.

उत्तर: टिक्कीची वाफ जाऊ द्या, मगच डबा बंद करा.

प्रश्नकर्ती: काल तिन्ही केलं. नारायण पेठेतल्या आजोबांचा फोन, “पाव शाबूत आला गं!” फार बरं वाटलं. पाव ओला होऊ नये म्हणून हिरवी चटणी वेगळ्या पुडीत देता येईल, पण ते मात्र मी करणार नाही. ती पावावरच हवी.