पहिल्या पाचात कच्चा सेंटर घ्यावा का?

बेसलाइन:
एनबीए ड्राफ्टमधली (अमेरिकन बास्केटबॉल लीगचे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या पाचातली निवड एकोणीस वर्षांच्या कच्च्या सेंटरवर (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूवर) घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उंची दिसली की संघांचं भान सुटतं. २०२० मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने दुसऱ्या क्रमांकावर जेम्स वाइजमनला उचललं. सात फूट उंच, अंगात चपळाई, पण मेम्फिस विद्यापीठाकडून खेळलेले सामने फक्त ३. पुढे स्टार झालेला गार्ड (चेंडू हाताळणारा खेळाडू) टायरीस हॅलिबर्टन त्याच रात्री बारावा गेला. पुढे वाइजमनचा गुडघा गेला, २०२१-२२ चा अख्खा हंगाम बुडाला आणि २०२३ मध्ये डेट्रॉइटला रवानगी झाली. २०२२ चं विजेतेपद वॉरियर्सनी केव्हॉन लूनीला सेंटरला खेळवून मिळवलं. तो २०१५ ची ३०वी निवड! गोबेअर आणि योकिच हे नावाजलेले सेंटरही असेच: गोबेअर २७वा, योकिच ४१वा. सेंटर उशिरा मिळत असताना घाई कशाला?

सातफुट्या:
असहमत. योकिच ४१वा मिळाला हा मटका होता, धोरण नव्हे. त्याच ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने आधी १६व्या क्रमांकाचा नुर्किच पदरात पाडून घेतला होता, तोही सेंटरच! आणि २०१४ म्हणजे सेंटर एम्बीडचं वर्ष. आधी पाठ, मग ड्राफ्टच्या तोंडावर पावलाचं हाड. फिलाडेल्फियाने तरी तिसरा घेतला. दोन हंगाम एक मिनिटही खेळला नाही, पण २०२३ मध्ये एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या आधी दुसरा गेलेला जबारी पार्कर फॉरवर्ड. त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल (सांध्याला आधार देणारा अस्थिबंध) दोनदा फाटलं. जोखीम काय फक्त सेंटरलाच असते?

निमा:
वाइजमनची गुडघ्याआधीची गोष्टही बघा. ड्राफ्ट १८ नोव्हेंबरला, हंगाम २२ डिसेंबरला. कोविडमुळे समर लीग (नवख्यांचे उन्हाळी सराव सामने) नाही, त्यात सराव शिबिराच्या सुरुवातीलाच हा पॉझिटिव्ह. तेव्हा मॅच बघायला पहाटे उठायचो (घरचे वेड्यात काढायचे, तो विषय वेगळा). एक गोष्ट सारखी खुपायची. वॉरियर्सचा स्टार गार्ड करी याच्यासाठी स्क्रीन लावायला (बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहायला) वाइजमन यायचा, पण बचावपटू अंगाला भिडायच्या आतच बास्केटकडे पळायचा. मग करी मोकळा होणार कसा? लूनी खांबासारखा उभा राहायचा. बचावातही तेच: पिक-अँड-रोल (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे धावण्याची चाल) आला की चेंडूवाल्यावर पुढे जायचं की मागे थांबून रिम (बास्केटची कडी) राखायची, हे क्षणात ठरवावं लागतं. गार्ड चुकला तर मागे सेंटर असतो, सेंटर चुकला तर थेट लेअप (बास्केटजवळून सोपा शॉट). हे शिकायला वेळ लागतो. तो पडेल संघाकडे असतो, करीच्या संघाकडे नव्हता.

बेसलाइन:
वेळ लागतो हे मान्य, पण तो पैसे मोजूनच मिळतो ना? पहिल्या फेरीतल्या करारात दोन वर्षं हमखास, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. एम्बीडची हमखास दोन्ही वर्षं बाकावर गेली. आणि पोर्टलंडला विचारा! १९८४ मध्ये मायकल जॉर्डनला सोडून सेंटर सॅम बोवी घेतला, जो नडगीच्या दुखापतीने केंटकी विद्यापीठात दोन हंगाम बसून होता. २००७ मध्ये पुढे स्टार झालेल्या ड्युरँटला सोडून सेंटर ऑडन. ऑडन पोर्टलंडकडून एकूण ८२ सामने खेळला.

सातफुट्या:
बोवीचं नाव घेतलं की वाद जिंकला, असं थोडंच आहे? १९८४ चा पहिला कोण होता? ओलाजुवॉन. सेंटर. ह्यूस्टनला १९९४ आणि १९९५ ची विजेतेपदं त्यानेच मिळवून दिली.

जर्सीसिटीकर:
तुम्ही दोघं खेळाडूवरून भांडताय, किंमत कुणीच बघत नाही. २०२५ घ्या. न्यू ऑर्लिन्सने सेंटर डेरिक क्वीनसाठी २३ वरून १३ वर उडी मारली आणि त्यापायी २०२६ ची पहिल्या फेरीची निवड कसलीही अट न घालता अटलांटाला देऊन टाकली. क्वीन उद्या मोठा झाला तरी हा सौदा मला पटणार नाही. उलट पोर्टलंड ११ वरून १६ वर उतरलं, वर पुढची एक पहिल्या फेरीची निवड पदरात पाडली आणि मग चीनचा सेंटर यांग हानसेन घेतला. तो फसला तरी हात रिकामे नाहीत. डॅलसने २०१५ मध्ये आपला भारतीय सेंटर सतनामसिंग ५२वा घेतला. तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही, पण त्यांचं गेलं काय?

बेसलाइन:
यांग सोळावा. माझं म्हणणं पहिल्या पाचाबद्दल आहे.

सातफुट्या:
मग ओक्लाहोमाचा सेंटर होल्मग्रेन? २०२२ चा दुसरा. ऑगस्टमध्ये पाय गेला, वर्षभर बाहेर, आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा विजेते.

बेसलाइन:
तो किडकिडीत होता, कच्चा नव्हे. गोंझागा विद्यापीठाकडून पूर्ण हंगाम खेळून आला होता, बाहेरून तिनाचे शॉट मारायचा, कुठे उभं राहायचं ते कळायचं. त्याला मीही घेतला असता. वाइजमनला नाही.