मुलीसाठी पहिली रायफल: स्प्रिंगची घ्यावी की पीसीपी? (आणि शेतातल्या सशांचं काय)

ओगलेवाडीकर:

नमस्कार मंडळी. मी कराडजवळ राहतो, ऊस आणि भुईमुगाची शेती आहे. पोरगी आठवीत, १३ वर्षांची. स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मारलं तेव्हा त्याच्या कांबळवाडीतल्या घराचे फोटो पेपरात आले होते. ते कात्रण तिनं कपाटाला चिकटवलं आणि तेव्हापासून मागं लागली. गेले पाच महिने दर रविवारी पहाटेच्या एसटीनं तिला कोल्हापूरला रेंजवर घेऊन जातो. १० मीटर एअर रायफल, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायचा). क्लबची रायफल आहे, पण तिच्यावर सहा जणांचे नंबर. वाट्याला तास-दीड तास येतो. परवा ४० शॉटला ४०० पैकी ३५२ आले.

कारखान्याचं बिल जमा झालंय. त्यातले ८० हजार तिच्या रायफलीसाठी बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो पीसीपी, म्हणजे सिलेंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, नको; स्प्रिंगची घ्या, पंपाची कटकट नाही, परवाना लागत नाही आणि पॉवर जास्त. थोरले बंधू म्हणतात, घ्यायचीच तर जास्तीत जास्त पॉवरची घे, भुईमुगात ससे आणि होले येतात, त्यांचाही बंदोबस्त होईल. आमचे आजोबा शिकारीला जायचे, त्यामुळे घरात कुणाला यात वावगं वाटत नाही. एकाकडं जुनी पीसीपीही बघून ठेवलीय, ७० हजार सांगतोय.

तिची उंची पाच फुटाला थोडी कमी, वजन ३८ किलो. जाणकारांनी सांगावं काय करू.

बापू_कणकवली:

बंधूंच्या मुद्द्याचं आधी सांगतो, कारण त्यात पोरगीही अडकेल.

०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीची एअर रायफल असेल तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. इथपर्यंत दुकानदार बरोबर. पण रायफलीला परवाना लागत नाही म्हणजे तिनं काहीही मारायला परवानगी आहे असं नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे शिकार बंद आहे. ससा त्यात आहे, होला आहे, तित्तर आहे. पूर्वी कावळे-उंदीर अशा 'उपद्रवी' प्राण्यांची वेगळी अनुसूची होती, तीही २०२२च्या दुरुस्तीत काढली. शेत तुमचं असलं तरी ससा तुमचा नाही. मारलात तर वनखात्याचा गुन्हा, आणि रायफल जप्त.

आमच्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाचे बंदूक परवाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझ्या वडिलांकडे ठासणीची होती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, नंतर सोडवून आणायची. त्या परवान्यावरसुद्धा डुक्कर मनाला येईल तेव्हा मारता येत नाही, वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. डुकरासारख्या जनावरानं नुकसान केलं की लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज टाका. वेळ लागतो, पण पैसे मिळतात. मला भाताचे दोनदा मिळालेत.

आजोबांच्या काळात होतं ते तेव्हा कायद्यात बसत होतं. माझे वडीलही जायचे. पण त्यांच्या गोष्टींत असलेली जनावरं आज आमच्या रानात दिसत नाहीत, हेही खरं.

दहा_मीटर:

दादा, अजून सहा महिने तरी रायफल घेऊ नका. आणि घ्याल तेव्हा पॉवरसाठी घेऊ नका.

मी एनसीसीतून या खेळात आले. आधी पॉइंट टू टूची गोळीची रायफल, मग एअर रायफल. बरीच वर्षं राज्य स्पर्धा खेळले, आता एका लहान गावात मुलांना शिकवते. 'पॉवर जास्त' या दोन शब्दांनी फसलेले आईबाप मला दरवर्षी भेटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑलिंपिकला जी १० मीटर रायफल चालते, तिचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं जातो. शक्ती भरते साडेसात ज्यूल. दुकानदार तुम्हाला विकतोय ती त्याच्या दुपटीहून जास्त ताकदीची असेल. तरी रुद्रांक्ष पाटील २०२२ला कैरोत जगज्जेता झाला तो साडेसात ज्यूलवाल्या जातीच्याच रायफलीवर. कागदाला भोक पाडायला ताकद लागत नाही. जास्तीची ताकद फक्त धक्क्याच्या रूपानं पोरीच्या खांद्यावर येते.

आता दहाचं गणित बघा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, छर्रा साडेचार. छऱ्याची कड ठिपक्याला लागली की दहा. म्हणजे मधोमधपासून अडीच मिलिमीटरपर्यंत माफी. रायफलीच्या दोन साइटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरलं, तर पुढची साइट मागच्या भोकाच्या मानानं ०.२ मिलिमीटर सरकली की दहा गेला. दोन-तीन केसांच्या जाडीइतकं. हे हातानं धरून साधत नाही. उभं राहण्यानं साधतं.

स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की आत पिस्टन धावतो. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल मागं उचकते, आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढं. डावा तळवा एक बोट पुढं-मागं झाला तरी गोळ्यांचा झुपका दुसरीकडं. माझी पहिली रायफल असलीच होती, आम्ही तीन मुली मिळून वापरायचो. वर्षभर मला वाटत राहिलं की माझा श्वास चुकतोय. वहीत रोज 'श्वास' एवढंच लिहायची. शेवटी सरांनी माझा तळवा खडूनं आखून दिला, रोज त्याच रेघेवर ठेवायला लावला, आणि आठवड्यात झुपका निम्मा झाला. तोवर वर्ष गेलं होतं. त्या रायफलीनं मला फॉलो थ्रू शिकवला, गोळी सुटल्यावरही नजर न हलवणं, ते मी मान्य करते. जिल्हा-राज्य पातळीवर ओपन साइटच्या (भोकाऐवजी उघड्या खाचेतून नेम धरायच्या) वेगळ्या स्पर्धा असतात, त्यात उतरणाऱ्यासाठी स्प्रिंगची ठीक. तुमची मुलगी पाच महिने पीप साइटवर आहे. तिला मागं नेऊ नका.

३५२ म्हणजे शॉटला सरासरी ८.८. पाच महिन्यांच्या मुलीसाठी चांगलं आहे, मनापासून सांगते. पण ८.८ चा ९.५ होणार तो रायफलीनं नव्हे. माझ्याकडं आली असती तर तिच्याकडून मी हे करून घेतलं असतं:

रायफल खांद्याला लावून, गाल टेकवून डोळे मिटायचे. दोन श्वास. डोळे उघडायचे. साइट टार्गेटच्या उजवीकडं गेली असेल तर हातानं डावीकडं ओढायची नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा आणि पुन्हा डोळे मिटायचे. साइट आपोआप काळ्यावर येईपर्यंत. मुलं कंटाळतात, पण जी मुलं हे करतात ती दोन महिन्यांत ओळखू येतात. दुसरं, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकला पाहिजे. रायफलीचा भार हाडावरून जमिनीत उतरतो, दंडावर राहता कामा नये. मॅच रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. ३८ किलोच्या मुलीनं तेवढी पेलली तर कंबर मागं वाकते, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी पाठदुखी घेऊन येते. मी अशा दोघींना खेळ सोडताना पाहिलंय. तिच्या क्लबच्या रायफलीचं खरंच वजन करा. चार किलोच्या वर असेल तर सरांना सुटी वजनं काढायला सांगा. आणि सध्या निम्मा सराव स्टँडचा आधार घेऊन करू दे, त्यात कमीपणा नाही.

रविवारचे तास-दीड तास पुरत नाहीत हे खरं. त्यासाठी सुताराकडं जा. आम्ही सागाच्या फळीचा दस्ता कापून घेतो, क्लबच्या रायफलीच्या मापानं. पुढं पाइपचा तुकडा, दोन्ही टोकांना वॉशर लावून साइट, आत वाळू भरून वजन साडेतीन किलो. खर्च हजार-बाराशे. घरात भिंतीवर काळी टिकली चिकटवायची, जमिनीपासून १.४ मीटरवर. रोज २० मिनिटं धरायचं, दर पाच मिनिटांनी बसायचं. चाप नसलेल्या त्या फळीवर माझ्या मुलांनी जेवढं कमावलंय तेवढं छऱ्यांवर नाही.

८० हजारांतले थोडे ग्लोव्हला, रेंजच्या फीला आणि छऱ्यांना काढा. जॅकेट नवं शिवू नका, वर्षात आखूड होईल. मोठ्या मुलींचं जुनं विचारा.

जुनी पीसीपी बघितलीत म्हणता, तर तिच्या सिलेंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. दहा वर्षांच्या वर गेला असेल तर घेऊ नका. २०० बार म्हणजे ट्रकच्या टायरपेक्षा कित्येक पट दाब, आणि तो मुलीच्या हाताखाली असतो. तारीख बरी असेल तर भरून रात्रभर ठेवायला सांगा आणि सकाळी दाबाचा काटा उतरलाय का बघा. आणि कितीही अडलं तरी वेल्डिंगवाल्याकडून किंवा दवाखान्यातून ऑक्सिजन भरून घेऊ नका. ऑक्सिजन दाबाखाली तेल-ग्रीसला लागला की स्फोट होतो. डायव्हिंगचा हवेचा सिलेंडर किंवा हातपंप, एवढंच. पावसाळ्यात हातपंपानं आत पाणी जातं, त्याचा फिल्टर बघत राहा.

छरे शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देऊ नका.

ओगलेवाडीकर:

ताई, एवढं लिहिलंत, खरंच आभारी आहे. घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बापू, तुमचंही बंधूंना वाचून दाखवलं. ते पंचनाम्याचं आम्ही कधी केलंच नव्हतं.

एक शंका. तिच्याबरोबरच्या दोन मुलांकडं स्वतःच्या रायफली आहेत. ही बोलत नाही, पण मला दिसतं. आपली नसल्यामुळं ती मागं पडेल का? माझ्या परिस्थितीमुळं तिचं काही राहून जाऊ नये, एवढंच मनात असतं.

उल्मचा_देशस्थ:

मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं जर्मनीत उल्मला आहे. आन्शुट्झ आणि वाल्थर या दोन्ही कंपन्या याच गावात, जगभरच्या मॅच रायफली इथून जातात. माझा मुलगा शेजारच्या गावच्या नेमबाजी मंडळात जातो, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितो.

इतक्या कारखान्यांच्या सावलीत राहूनही त्याच्या मंडळातल्या बहुतेक मुलांकडे स्वतःची रायफल नाही. बारा वर्षांखालची मुलं तर लेझरच्या रायफलीवर शिकतात, छर्राच नाही. पुढे मंडळाच्या कपाटातली रायफल. कपाटाला कुलूप, किल्ली प्रशिक्षकाकडे. माझा मुलगा तीन वर्षं तशाच एका रायफलीवर खेळला. दर वेळी आल्यावर दस्त्याची लांबी आणि गालाची पट्टी आपल्या मापावर आणायची. त्यानं ती मापं एका चिठ्ठीवर लिहून ठेवली होती. इतकं केलं की रायफल दुसऱ्याची वाटत नाही.

आणखी एक. जुन्या क्लबांत कधी फाइनवेर्कबाऊ ६०० ही रायफल मिळते, बाजूचा दांडा एकदा ओढला की एका शॉटपुरती हवा भरते. सिलेंडर नाही, पंप नाही. तशी कुठे विकाऊ दिसली तर ताईंना विचारून घ्या. दांडा ओढायला मात्र जोर लागतो, मुलीला आधी ओढून बघू द्या.

दहा_मीटर:

उल्मच्या दादांनी चिठ्ठीचं सांगितलं ते लगेच करा. सहा जणांची रायफल असेल तर दर रविवारी तिची पहिली २० मिनिटं दुसऱ्याच्या मापाशी झगडण्यात जात असणार. बट प्लेट (खांद्याला टेकते ती पट्टी), गालाची पट्टी, मागच्या साइटपासून डोळ्याचं अंतर, डावा तळवा कुठं टेकतो, सगळं मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. साइटच्या क्लिकसुद्धा.

मागं पडेल का, विचारलंत. मी तिला पाहिलेलं नाही, म्हणून माझ्या मुलांचंच सांगते. रायफल आधी आणि उभं राहणं नंतर, असं ज्यांचं झालं त्यातले निम्मे दीड वर्षात थांबले. रायफल कपाटात, घरात त्या पैशांचा विषय, आणि मुलाच्या डोक्यावर प्रत्येक स्पर्धेत त्या पैशांचं ओझं. तुमची मुलगी बोलत नाही म्हणता. तिच्याशी तुम्हीच बोला. कधी घेणार आणि कशावर घेणार ते आकड्यात सांगा. मी माझ्या मुलांना सांगते: सलग चार रविवार ३७०च्या वर आणि वही रोज भरलेली, मग आपण रायफल बघू. आकडा समोर असला की मूल दुसऱ्याच्या रायफलीकडं बघत नाही.

ओगलेवाडीकर:

काल त्या माणसाकडं जाऊन सिलेंडर बघितला. २०१२ कोरलंय. तो म्हणाला अजून दहा वर्षं जाईल. मी हात जोडून परत आलो.

पोरगीशी बोललो. चार रविवार ३७० म्हटल्यावर तिनं कपाटावरच्या कात्रणाखाली पेन्सिलनं लिहून ठेवलं. येत्या रविवारी फूटपट्टी आणि चिठ्ठी घेऊन जाणार आहोत. आमचे पाहुणे सुतार आहेत, ते म्हणतात माप आणा, सागाचा तुकडा माझ्याकडं पडून आहे. पाइप अर्ध्या इंचाचा घेऊ की पाऊण?

दहा_मीटर:

पाऊण. आणि वाळू चाळून, वाळवून भरा, नाहीतर ओलीनं पाइप आतून गंजतो.