बडोद्यातला फॅमिली ग्रुप ‘आमचा वाडा, दांडिया बाजार’: ऋतूच्या तक्त्यावरून

*ऋतू:* सगळ्यांना नमस्कार 🙏 आठवीचा प्रोजेक्ट आहे, ‘जगातील धर्म’. सोमवारी द्यायचाय. टीचरनी तक्ता दिलाय आणि रकाने तेच ठेवायला सांगितलेत: संस्थापक, देव, ग्रंथ, देऊळ, पुजारी. मी भरलाय. कोणीतरी तपासा ना. फोटो टाकते.

*शमाआत्या (नाशिक):* किती सुंदर अक्षर गं!

*मंदारदादा:* चर्च = ख्रिश्चनांचं देऊळ. मौलवी = मुसलमानांचे पुजारी. एकदम ओके. प्रिंट काढ.

*नाना:* ओके कसलं? मौलवी म्हणजे धर्मशास्त्र शिकलेला माणूस. नमाजाच्या वेळी पुढे उभा राहतो तो इमाम. पुजारी देवाला न्हाऊमाखू घालतो, नैवेद्य दाखवतो. मशिदीत मूर्तीच नाही, तर पुजारी करणार काय?

*मंदारदादा:* नाना, आठवीचं आहे हो.

*नाना:* आठवीत चुकीचं शिकलेलं चाळिशीतही तसंच राहतं. पुरावा याच ग्रुपवर आहे.

*माई:* 😀 मंदार, तुलाच म्हणतायत.

*ऋतू:* पण नाना, मग इस्लामचे पाच स्तंभ कुठे लिहू? कलमा, नमाज, रोजा, जकात, हज. त्यांच्यासाठी रकानाच नाही.

*मंदारदादा:* जकात म्हणजे आपल्या छाणी जकात नाक्यावरची?

*नाना:* शब्द तोच. अरबीतून निघाला आणि आपल्याकडे येऊन ट्रक अडवत बसला. मूळ जकात म्हणजे ठरावीक मर्यादेच्या वर जी शिल्लक वर्षभर हाताशी राहिली, तिच्यातला अडीच टक्के वाटा गरजूंना देणं. मर्जीचं दान नाही, ते द्यावंच लागतं. आणि नमाज, रोजा हे शब्द अरबी नाहीत, फारसी आहेत. अरबीत सलात आणि सौम. फारसी नमाज आणि आपलं ‘नमस्’ एकाच कुळातले.

*शमाआत्या (नाशिक):* अय्या, हे माहीतच नव्हतं.

*वहिनी (ऋतूची आई):* मी आत्ता खाली पारशी आंटींना विचारून आले. ऋतूने देव ‘अग्नी’ लिहिलंय ना, त्या म्हणाल्या, डीकरा, देव अहुरमज्द. आतश म्हणजे अग्नी ही त्याच्या तेजाची खूण, तिच्यासमोर उभं राहून प्रार्थना करायची. ऋतूला अग्यारी, म्हणजे त्यांचं अग्निमंदिर, बघायची होती, पण पारशी नसलेल्यांना आत नेता येत नाही. त्याचं त्यांनाच वाईट वाटलं. वर डब्यात रवो, म्हणजे त्यांचा रव्याचा गोड पदार्थ, दिलाय.

*मंदारदादा:* रवो कोणाकोणासाठी आहे?

*नाना:* आता गंमत बघा. अहुर आणि आपला असुर मुळात एकच शब्द. आणि त्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती, म्हणजे आपला ‘देव’! त्यांच्या ओळीत ‘देव’ असा रकाना म्हणजे काय झालं, विचार कर.

*ऋतू:* 😳 टीचरना सांगू?

*वहिनी (ऋतूची आई):* नको. मार्क जातील.

*नाना:* बौद्ध ओळीत देव ‘गौतम बुद्ध’ लिहिलंयस, तेही खोड. ते संस्थापक, वाट दाखवणारे. जग निर्माण करणारा देव त्या धर्मात नाहीच. आपल्या गुजरातेतल्या देवनी मोरीच्या बौद्ध स्तूपातून १९६० च्या दशकात अस्थींचा करंडक निघाला. तो आपल्याच युनिव्हर्सिटीत आहे आणि तुम्हा कोणाला पत्ता नाही. जैनांचंही तसंच. तिथे तर संस्थापकाच्या रकान्यात महावीरही चूक. ते चोविसावे तीर्थंकर, शेवटचे.

*शमाआत्या (नाशिक):* मंदार दरवर्षी ‘हॅपी मिच्छामि दुक्कडम्’ पाठवतो 🤣

*मंदारदादा:* का, चुकलं?

*शमाआत्या (नाशिक):* अरे, ते क्षमा मागणं आहे! माझ्या हातून घडलेलं दुष्कृत मिथ्या होवो. त्यात हॅपी काय?

*मंदारदादा:* सगळी सोसायटी पाठवते म्हणून मीही पाठवतो. देरासरासमोर, जैन मंदिरासमोर, राहतो ना आम्ही.

*माई:* ज्यूंचं काय लिहिलंय? आमच्या लहानपणी कोकणात त्यांना शनवार तेली म्हणायचे. शनिवारी घाणा बंद. मराठी आपल्यासारखंच.

*ऋतू:* हो आजी, बेने इस्रायल. शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. ग्रंथ तोरा. सिनगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, अहमदाबादला आहे, १९३४ चं.

*नाना:* शाब्बास. आणि येशू ख्रिस्तातलं ‘ख्रिस्त’ हे आडनाव नाही बरं का. हिब्रूत मशिआख, ग्रीकमध्ये ख्रिस्तोस, म्हणजे अभिषिक्त. सयाजीराव महाराजांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी विजरी नावाचा इंग्रज प्राध्यापक आणला होता. त्याच शहरात हा पाच रकान्यांचा फॉर्म! छापणाऱ्याने स्वतःचा धर्म डोळ्यांसमोर ठेवून रकाने आखले आणि बाकीच्यांना त्यात कोंबलं.

*मंदारदादा:* म्हणजे हिंदूंची ओळ तरी बरोबर. ती राहू दे.

*नाना:* वाच बरं मोठ्याने.

*ऋतू:* संस्थापक: ऋषी. ग्रंथ: गीता. पुजारी: भटजी. देव: राम, कृष्ण.

*माई:* भटजी घरी पूजा सांगायला येतात गं. देवळात गुरव.

*शमाआत्या (नाशिक):* फक्त गीता? वेद कुठे गेले?

*मंदारदादा:* आणि संस्थापक ऋषी म्हणजे नक्की कोण? नाव लिही.

*नाना:* 🙂

*ऋतू:* नाना, हसू नका. काय लिहू?

*नाना:* आडवी रेघ मार. संस्थापक कोणी नाही.

*माई:* देवात खंडोबा लिही. आपलं कुलदैवत.

*शमाआत्या (नाशिक):* आमच्याकडे तुळजाभवानी. आणि दत्त राहिले की!

*वहिनी (ऋतूची आई):* माहेरी आमची योगेश्वरी.

*मंदारदादा:* गणपती विसरलात सगळे.

*ऋतू:* अहो, चौकोन एवढासा आहे.