मदत हवी आहे: चाच्यांच्या बेटातील गुहेचे छत खचते

नमस्कार.

मी सोलापूरला राहतो. सहावीत शिकणारी माझी मुलगी आणि मी गेले दोन महिने लेगोच्या विटांमधून समुद्री चाच्यांचे एक बेट उभारत आहोत. आराखडा पूर्णपणे आमचा आहे. समोर कोणत्याही तयार संचाची पुस्तिका नाही. काम बरेच पुढे गेले असले तरी एका ठिकाणी आम्ही अडलो आहोत, म्हणून अनुभवी मंडळींकडे मदत मागत आहे.

लेगोची चाच्यांची मालिका १९८९ साली सुरू झाली. त्या काळच्या काही संचांत बेटाची उंचसखल पायाप्लेट साच्यातूनच तयार येत असे, त्यामुळे निम्मा खडक आयताच मिळे. आमच्याकडे मात्र ४८ बाय ४८ स्टडची (स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा) सपाट प्लेट आहे, म्हणजे प्रत्येक बाजू ३८.४ सेंटिमीटर, आणि तिच्यावरचा सगळा खडक आम्हाला विटेवर वीट ठेवूनच उभा करावा लागतो. बेट ३० स्टड लांब आणि २६ स्टड रुंद आहे, उरलेली जागा समुद्राची. एका अंगाला १४ विटा उंचीचा कडा, दुसऱ्या अंगाला उतरत गेलेली वाळू, कड्याच्या पोटात होडी लपवण्याची गुहा आणि माथ्यावर टेहळणीचा मनोरा व दोन तोफा, अशी मांडणी आहे.

गुहेचे तोंड कसे असावे हे मुलीने ठरवले. शाळेच्या सहलीत तिने सिंधुदुर्ग पाहिला होता. दोन बुरुजांच्या आड दडलेला तिथला दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली आहे. त्यामुळे आमच्या गुहेचे तोंडही समोरून दिसत नाही. खडकाची एक सोंड पुढे आलेली आहे आणि तिला वळसा घालून होडी आत शिरते. (कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, असताना इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले, हे मी तिला आवर्जून सांगितले. दरवाजाची युक्ती घ्यायची, पण या बेटावर मराठ्यांचे निशाण लावायचे नाही, असे आमचे ठरले आहे.) होडी ६ स्टड रुंद आहे आणि तिला वळायला जागा हवी, म्हणून गुहेचे तोंड १० स्टड रुंद आणि ७ विटा उंच ठेवले आहे.

मूळ अडचणीकडे येण्याआधी एक सुटलेली अडचण सांगतो, कारण कागदावर आखणी करणाऱ्यांना तिचा उपयोग होईल. कड्याचे चित्र मी साध्या चौकटीच्या कागदावर काढले होते, एक चौकट म्हणजे एक वीट असे धरून. प्रत्यक्षात कडा कागदावर दिसला त्यापेक्षा उंच आणि किडकिडीत झाला. माझ्या वडिलांनी अनेक वर्षे चादरीच्या कारखान्यात जकार्डसाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, नक्षीचे ग्राफ काढले आहेत. त्यांनी चित्र पाहिले आणि विटेची मापे विचारली. स्टडपासून स्टडपर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर, पण विटेची उंची ९.६ मिलिमीटर, हे ऐकताच ते म्हणाले, "मग हा कागदच चुकीचा आहे." एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, हे पाहून चादरीच्या ग्राफचा कागद निवडावा लागतो, तसे न केल्यास कागदावरचे गोल फूल चादरीवर दबते किंवा लांबते. विटांचेही तेच आहे. एका प्लेटची, म्हणजे पातळ चपट्या विटेची, उंची ३.२ मिलिमीटर, म्हणून पाच प्लेटांची उंची १६ मिलिमीटर होते आणि दोन स्टडांची रुंदीही तेवढीच भरते. वडिलांनी त्याच मापाने, दोन उभ्या रकान्यांच्या रुंदीइतक्या उंचीत पाच आडव्या ओळी बसतील असा कागद आखून दिला आणि तेव्हापासून कागदावरचा कडा व टेबलावरचा कडा सारखे दिसू लागले.

आता मूळ प्रश्न. गुहेच्या छतासाठी मी लांब प्लेटांचा एकच थर दोन्ही भिंतींवर टेकवला आणि त्यावर कड्याच्या उरलेल्या सात रांगा व मनोरा चढवला. वरचे वजन सुमारे ४०० ग्रॅम असेल. स्टुडिओ या संगणकावरील प्रोग्रॅममध्ये हीच रचना व्यवस्थित उभी दिसत होती. टेबलावर मात्र दुसऱ्या दिवशी प्लेटांच्या मधोमध बारीक फट दिसू लागली. नख सरकवले तर आत जाईल एवढी. मी दाबून ती मिटवली. त्याच रात्री मनोरा कड्यासह खाली आला आणि शहाबादी फरशीवर विटा विखुरल्या. मुलीने सकाळी उठून दिवाणाखालून एकेक वीट गोळा केली, त्यात एका तोफेचे चाक अजून सापडलेले नाही.

तिची मेहनत पुन्हा वाया जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. गुहेचे तोंड अरुंद न करता छत भक्कम कसे करावे? दुसरे असे की, करड्या विटा दोन छटांच्या आहेत. जुन्या वापरलेल्या विटांचा रंग किंचित तपकिरीकडे झुकतो आणि नव्या विटांचा निळसरपणाकडे. कड्यावर त्या शेजारी शेजारी आल्या की ठिगळ लावल्यासारखे दिसते. सुट्या विटा इथल्या दुकानांत मला मिळाल्या नाहीत, तेव्हा आहे त्यातूनच मार्ग काढायचा आहे.

प्रतिसाद

आपण प्रश्न मापांसह मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. एकेरी थराची प्लेट वजनाखाली वाकणारच. वाकली की तिच्या स्टडांची पकड सुटते आणि फट पडते. पडद्यावरच्या विटांना वजन नसल्यामुळे तिथे हे दिसत नाही.

आपण छत सपाट न करता, गवंडी कमानीसाठी रद्दे, म्हणजे विटांचे थर, पुढे काढतात तसे करावे. पहिल्या तीन रांगा सरळ ठेवा. चौथ्या रांगेपासून प्रत्येक रांग दोन्ही बाजूंनी एक-एक स्टड आत घ्या, म्हणजे मोकळी जागा ८, ६, ४ आणि सातव्या रांगेला फक्त २ स्टड राहील. तिच्यावर आठव्या रांगेत एक लांब वीट आडवी टाकली की तोंड बंद होते. होडीचे काठ खालच्या तीन रांगांतच राहतात, म्हणून तिला पूर्ण १० स्टड मिळतात, आणि उभ्या बाहुलीला, जिची उंची साधारण चार विटांएवढी असते, मधोमध पुरेशी जागा राहते. दोन बाय चारची वीट अशी ठेवा की एक स्टड बाहेर आणि तीन स्टड भिंतीत राहतील. सांधेमोड सोडू नका. एका सांध्यावर दुसरा सांधा आला की कडा तिथूनच उकलतो. भिंतीतल्या भागावर वरच्या रांगांचे वजन आले पाहिजे, म्हणून मनोरा गुहेच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे सरकवा. आतून पायऱ्या दिसू नयेत यासाठी उलट्या उताराच्या विटा वापरता येतील.

माथ्यावर सपाट मजला हवाच असेल तर खाली प्लेट, मध्ये वीट आणि वर पुन्हा प्लेट असा तिहेरी थर करा. तो नुसत्या प्लेटांच्या थरापेक्षा पुष्कळ ताठ असतो.

दोन छटांचे कारण असे की २००४ च्या सुमारास लेगोने करडा रंगच बदलला. त्या मिसळू नका, थर लावा. जुना तपकिरी करडा पाण्यालगतच्या तीन-चार रांगांत ठेवला तर भरतीने भिजलेला दगड वाटतो आणि वर निळसर करडा कोरडा दिसतो. दोन्ही छटा फक्त दर्शनी भागाला वापरा. कड्याच्या पोटात लाल, पिवळ्या, कोणत्याही विटा चालतील. मात्र निरनिराळ्या उत्पादकांच्या विटा असतील तर सैल बसणाऱ्या बाजूला काढा आणि पुढे आलेल्या रांगांत त्यांतली एकही घालू नका.

आणखी एक सूचना. बेट खिडकीजवळ ठेवले असेल तर तिथून हलवा. थेट उन्हात राहिलेल्या विटांचा रंग कालांतराने पिवळट पडतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपले मनापासून आभार. पूर्ण कडा न चढवता आम्ही रविवारी फक्त गुहा बांधून पाहिली. आठ रांगा झाल्यावर तिच्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या ठेवला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी मुलीने कागदाची पट्टी घेऊन प्रत्येक सांधा तपासला. पट्टी कुठेही आत गेली नाही.

सैल विटांविषयी आपण म्हणालात ते खरे निघाले. आमच्याकडे कमी दरातल्या, दुसऱ्या उत्पादकाच्या साठेक विटा होत्या आणि पडलेल्या छतात त्यांतल्या बऱ्याच होत्या. त्या आता पोटातल्या भरावात गेल्या आहेत. पायऱ्या दोन्ही बाजूंना अगदी सारख्या आल्यामुळे गुहा देवळाच्या कोनाड्यासारखी दिसत होती, म्हणून वडिलांच्या सांगण्यावरून डाव्या बाजूची एक रांग सरळ ठेवून पुढची दोन स्टड आत घेतली. त्या रांगेच्या विटा दोन स्टड भिंतीत आहेत आणि त्यांच्यावर वजनही पुरेसे आहे. आता तो खडक वाटतो.

तोंड बंद करणारी लांब वीट आमच्याकडे फक्त लाल रंगात होती. करडी मिळेपर्यंत ती तशीच ठेवली आहे आणि मुलीने तिच्यावरून हिरवी वेल खाली सोडली आहे.